भाचा म्हणतो झोळी, मावशी म्हणते तंबू

प्रश्न: मी 51 वर्षांची आहे, सांगलीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नाताळच्या सुट्टीला रजा जोडून मी आणि माझा भाचा (वय 20) सायकलवरून कोकण किनारा करणार आहोत. रेवदंड्याहून तेरेखोलपर्यंत, अंदाजे 500 किलोमीटर, आणि येताना सावंतवाडीहून आंबोली घाट चढून घरी. रोज खोली घ्यायची नाही, निम्म्या रात्री तरी उघड्यावर काढायच्या असं ठरलंय. भांडण एकाच गोष्टीवरून आहे. भाच्याला हॅमॉक हवाय. हलका असतो, खालच्या दगडधोंड्यांची भानगड नाही, दोन झाडं मिळाली की झालं, असं तो म्हणतो. मी गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत दोन रात्री तंबूत झोपले, खाली योगा मॅट होती. कंबर जी धरली ती आठवडाभर सुटली नाही. त्यामुळे मलाही त्याचं पटायला लागलंय, पण झाडाला टांगून घ्यायची भीतीही वाटते. दोघांनी हॅमॉक घ्यावेत, दोघांनी तंबू, की आणखी काही? भाच्याचा एक जादा प्रश्न: देवळाच्या खांबांना हॅमॉक बांधता येतो का?
— सायकलवाली मावशी, सांगली

उत्तर:

ताई, आधी तुमच्या कंबरेचं बघू, कारण या खटल्यात तिची साक्ष उलट्या बाजूने नोंदली गेली आहे. तुमची कंबर तंबूने धरली नाही, योगा मॅटने धरली. योगा मॅट पाच-सहा मिलिमीटर जाडीची असते, तिचं काम पाय घसरू न देणं. कुशीवर वळलात की खांदा आणि खुबा थेट जमिनीला टेकतात, मधली कंबर अधांतरी राहते आणि रात्रभर स्नायू तिला धरून ठेवतात. यावर उपाय म्हणजे सात-आठ सेंटिमीटर जाडीची हवेची मॅट. ती टम्म फुगवू नका. कुशीवर आडवं व्हा आणि हळूहळू हवा सोडत जा, खुबा जमिनीला टेकता टेकता राहील तिथे थांबा. आपल्या वयाला एवढी एक गोष्ट जमली की तंबूवरचा निम्मा राग जातो. ‘आपल्या’ म्हणतोय, कारण मी तुमच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे आणि माझीही कंबर हवामान खात्याचं काम करते.

आता निकाल. दोघांत मिळून एक तंबू घ्या, दोन माणसांचा, स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा, म्हणजे दुकानात ज्याला फ्री-स्टँडिंग म्हणतात तो. दोन चांगल्या मॅट घ्या. आणि भाच्याला एक साधा हॅमॉक घेऊ द्या. सोबतची ताडपत्री, खालून बांधायची दुलई वगैरे सरंजाम नको, नुसती झोळी, पट्टे आणि मच्छरदाणी. झाडं आणि हवा चांगली असेल त्या रात्री तो बाहेर टांगून घेईल, नसेल त्या रात्री मुकाट्याने मावशीच्या तंबूत येईल.

हा तडजोडीचा निकाल वाटेल, पण तसा तो नाही. मी तुमची वाट डोळ्यांसमोर आणली आणि रोज संध्याकाळी पाच वाजता तुम्ही कुठे असाल, पायाखाली काय असेल, याचा विचार केला. झोळी आणि तंबू यांच्यातलं भांडण घरच्या सोफ्यावर सुटत नाही, ते त्या त्या मुलखात सुटतं. हॅमॉक हा शब्दच कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, म्हणजे ओल, किडा-मुंगी आणि झाडी यांचा मुबलक पुरवठा असलेल्या मुलखातला. आपल्याकडे उघड्या माळावर मेंढरं घेऊन फिरणारा धनगर पाल ठोकतो, आणि शेतावरची बाई बाळाची झोळी आंब्याच्या फांदीला बांधते. दोघांपैकी कुणीही यावर वाद घातल्याचं ऐकलेलं नाही.

तुमच्या वाटेवर झाडं भरपूर आहेत, आणि भाचा तेच म्हणेल. त्याला एकेक झाड विचारा. नारळ? डोक्यावर नारळ आणि खाली तुम्ही, हे चालत नाही. नारळ नाही पडला तर वाळलेली झावळ पडते, आणि तिचं वजनही चेष्टेवारी नेण्यासारखं नसतं. पोफळ? तिचा सोट बारीक आणि लवचीक, माणसाच्या वजनाने वाकतो, शिवाय ती कुणाच्या तरी कमाईची बाग आहे. हापूसची कलमं? डिसेंबरात मोहोर यायला लागतो आणि मोहोरावर औषधाच्या फवारण्या सुरू होतात. त्या बागेत रात्रभर तोंड उघडं टाकून झोपू नका. शिवाय आंब्या-काजूवर पानं शिवून घरटी करणारे ते तांबडे मुंगळे असतात. झोळीचा पट्टा म्हणजे त्यांना सरकारने बांधून दिलेला पूल. मी एकदा काजूला टांगून घेतलं होतं, रात्री अकराला उठून अंधारात नाचलो.

राहता राहिलं सुरूचं बन. हे खरंच हॅमॉकसाठी बनवल्यासारखं आहे. सरळ खोडं, हवं तेवढं अंतर, खाली सुयांसारख्या पानांची गादी. पण वाळूतलं झाड बघून घ्या. खोड निदान मांडीएवढं जाड हवं, मुळं उघडी पडलेली नकोत, झाड कललेलं नको, आणि मान वर करून वाळकी फांदी लटकते आहे का तेही पाहा. बनं बरीचशी वनखात्याची किंवा ग्रामपंचायतीची असतात, म्हणून सरपंच, पोलीसपाटील किंवा जवळच्या टपरीवाल्याला विचारून मगच राहा. विचारलं की बहुधा ‘तिकडे नको, इकडे राहा, तिथे पाणी आहे’ असं उत्तर येतं. न विचारता राहिलात तर रात्री दहाला बॅटरीचा झोत तोंडावर येतो.

मग बनं संपतात आणि सडा लागतो. रत्नागिरीपासून खाली राजापूर, विजयदुर्ग, देवगडपर्यंत तुम्ही खाडी ओलांडली की घाटी चढणार आणि वर जांभ्याच्या कातळावर येणार. मैलोन्‌मैल उघडं पठार, डिसेंबरात वाळलेलं पिवळं गवत आणि हॅमॉक बांधायला एक झाड नाही. तिथे खुंट्या ठोकायचा तंबूही हरतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे तसाच होता, बोगद्यासारखा, खुंट्यांशिवाय उभा न राहणारा. चार खुंट्या वाकवल्या, मग पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्यांमध्ये, दगड भरून त्यांना दोऱ्या बांधल्या, एक दोरी सायकलला, आणि रात्रभर तंबू माझ्या तोंडावर फडफडत राहिला. दांड्यांवर उभा राहणारा तंबू तिथे मिनिटात उभा राहतो, आत सामान टाकलं की वाऱ्याने उडत नाही. सड्यावर कातळशिल्पंही आहेत, आणि सगळ्यांना कुंपण नाही. पायाखाली कोरलेली रेघ दिसली तर तिथून लांब जा. खुंटी, चूल, सायकल काही तिथे नको. आणि सडा हे फुरशाचं घर आहे. वीतभर-हातभर लांबीचा, दगडाच्या रंगाचा हा विषारी साप रात्री बाहेर पडतो. तंबूची चेन कायम बंद ठेवा, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, सकाळी बूट झटकून घाला. हे हॅमॉकवाल्यालाही लागू आहे. झोळीत माणूस सुरक्षित असतो, पण मध्यरात्री लघवीला उठतो तेव्हा अनवाणी पाय खालीच येतात. चावलाच तर काप-चोख-बांध काही न करता थेट सरकारी दवाखाना गाठा, प्रतिविष तिथे मिळतं.

आता माझं मुख्य कारण. कोकणात सायकलवर निघालेला माणूस रानात झोपतो त्यापेक्षा जास्त वेळा कुणाच्या तरी अंगणात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात झोपतो. तुम्ही पन्नाशीच्या बाई, सोबत पोरगा, शिवाय मास्तरीण. एखाद्या घरी ‘रात्रीपुरता अंगणात तंबू लावू का’ म्हणून विचारलंत की पहिला प्रश्न येणार, ‘जेवलात काय?’ त्या अंगणात झाडं असतील तर ती माडाची. आणि अंगण? भात झोडून झालेलं असतं, खळं शेणाने सारवलेलं असतं. तिथे खुंटी ठोकणं म्हणजे यजमानाच्या ताटात पाय ठेवणं. सभामंडपात फरशी, व्हरांड्यात कोबा, खुंटीचा प्रश्नच नाही. पण दांड्यांवरचा तंबू बाहेरचं कापड न चढवता नुसता आतला जाळीचा भाग उभा केला की ती झाली दोन माणसांची मच्छरदाणी, फरशीवर उभी. हॅमॉक अशा रात्री पिशवीतच राहतो. म्हणून तंबू घेताना दुकानात एवढंच करून पाहा: आतला भाग खुंटी न मारता फरशीवर उभा राहतो का? नाही राहिला तर कितीही सुंदर असला तरी परत ठेवा.

आणखी एक गोष्ट भाच्याच्या लक्षात येणार नाही, ती मी सांगतो. दिवसभर घामेजल्यावर कपडे बदलायला, अंग पुसायला, पाठीला बाम चोळायला चार भिंती लागतात. तंबू ही तुमची खोली आहे. हॅमॉकमध्ये माणूस सगळ्या गावाला दिसतो, आणि अंगावर पांघरूण घेऊन पँट बदलायची कसरत विशीतल्या पोराला जमते, आपल्याला कंबरेसकट महागात पडते. बाईमाणसाने तंबू का घ्यावा, याला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

वजनाचं म्हणाल तर भाच्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. नुसती झोळी अर्ध्या किलोच्या आसपास. पण पट्टे, जाळी, ताडपत्री, थंडीची सोय हे सगळं तराजूत टाकलं की दीड-दोन किलो होतात. दोघांचे दोन संच म्हणजे तीन-चार किलो. दोन माणसांचा बरा तंबू अडीच-तीन किलोचा, आणि तो वाटून घेता येतो. दांड्या आणि खुंट्या त्याच्या कॅरियरवर, कापड तुमच्या पॅनियरमध्ये. विकत घेताना दांड्यांची घडी किती लांब होते ते मोजा. साधारण 45 सेंटिमीटरपर्यंत असेल तर कॅरियरवर आडवी बसते, त्याहून लांब असली की दोन्ही बाजूंना बाहेर येते आणि एसटी शेजारून गेली की जीव वर येतो.

तरीही हॅमॉक नकोच असं मी म्हणत नाही. दुपारी बारा ते तीन कोकणात डिसेंबरातही ऊन चटकतं. सकाळी पन्नास किलोमीटर मारून सुरूच्या सावलीत दोन तास झोळीत पडण्याचं सुख तंबू कधी देणार नाही. पाय वर येतात, सूज उतरते. तुम्हीही दुपारी आळीपाळीने पडा, भीती आपोआप जाईल. फक्त हॅमॉक नीट बांधायला भाच्याला शिकवा. इथे तुमचं विज्ञान कामाला येईल.

बहुतेक पोरं झोळी तारेसारखी ताणून बांधतात, त्यांना वाटतं ताठ म्हणजे सपाट. वर्गात घेता तसं फळ्यावर घ्या. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल तर साइन 30 म्हणजे अर्धा, म्हणून 60 किलोच्या पोराचा प्रत्येक पट्ट्यावर ताण 60 किलोएवढा. कोन 10 अंशांवर आणला की तोच ताण 170 किलोच्या वर जातो. मग टाका उसवतो, झाडाची साल कापली जाते किंवा गाठ सरकते. माझी सरकली होती. गुहागरच्या बाजूला एका बनात, नायलॉनची दोरी, कडक ताणलेली, रात्री दोन वाजता मी पाठीवर आपटलो. वाळू होती म्हणून आज सल्ला देतोय. झाडांमधलं अंतर बारा ते पंधरा फूट, पट्टा निदान इंचभर रुंद, झाडावर डोक्याच्या उंचीला, आणि मध्ये बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीवर. त्याहून वर कधीच नाही. झोळी दहा-अकरा फूट लांब घ्या आणि तिच्यात तिरपं झोपा, डोकं एका काठाला, पाय दुसऱ्या. सरळ झोपलं की अंगाचं केळं होतं आणि गुडघे मागे ताणले जातात. दिवसभर पेडल मारलेले गुडघे ते सहन करत नाहीत. पोटावर झोपायची सवय असेल तर झोळी विसरा.

थंडीचं एक कोडं आहे, ते पोराला आधी सांगून ठेवा. हॅमॉकमध्ये थंडी खालून वाजते. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबली की तिच्यातली हवा जाते, हवा गेली की ऊब गेली, आणि झोळीखालून वारा मोकळा वाहतो. किनाऱ्यावर पहाटे वीसच्या खाली पारा आला की पाठ गार पडते. पातळ फोमची मॅट झोळीत घातली तर भागतं, पण ती सरकत राहते. त्याच पातळ कापडातून डास खालून चावतात हेही कळेल, मॅटने तेही थांबतं. आंबोलीत मात्र हा प्रयोग नको. साधारण 700 मीटर उंची, डिसेंबरातली रात्र, आणि घाट चढून भिजलेलं अंग. शिवाय ते जंगल आहे, गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबटे आहेत. त्या रात्री दोघांनीही गावात खोली घ्या आणि गरम पाण्याने आंघोळ करा.

तंबू लावण्याबद्दल थोडं. खारे वारे आणि मतलई वारे तुम्ही दरवर्षी शिकवत असाल, आता त्यांच्यात झोपायचं आहे. संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो म्हणून माणूस तंबूची पाठ समुद्राकडे करतो. मध्यरात्रीनंतर जमीन निवते, वारा फिरतो आणि तोंडातून आत शिरतो. दार बाजूला ठेवा, म्हणजे दोन्ही वेळा निभावतं. दव हा दुसरा प्रकार. उघड्यावर लावलात तर सकाळी वरचं कापड पावसात भिजल्यासारखं ओलं असतं. झाडाच्या छपराखाली लावा, दव कमी पडतं. ओलं कापड वेगळ्या पिशवीत भरा आणि दुपारच्या मुक्कामी उन्हात टाका, नाहीतर तिसऱ्या दिवशी तंबूला गोठ्याचा वास येतो.

किनाऱ्यावर वाळलेल्या काड्या-कचऱ्याची जी रेघ दिसते तिथवर भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणात ती आणखी वर चढते, तेव्हा कॅलेंडर पाहून तारखा ठरवा. खुंट्या वाळूत धरत नाहीत. कापडी पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून ती आडवी पुरा, हत्ती ओढू शकणार नाही. वेळास, आंजर्लेकडच्या पुळणींवर मात्र तंबूच नको. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालायला येतात आणि बॅटरीच्या उजेडाने मागे फिरतात. वेळासला घरगुती राहण्याची सोय चांगली आहे, ती घ्या. तेरेखोल ओलांडून गोव्यात मुक्काम वाढवलात तर तिथेही खोलीच बरी.

सायकलींचं काय करायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण रात्री झोप त्यावरच अवलंबून असते. दोन्ही सायकली एकमेकींना कुलूप लावून तंबूला टेकवा आणि तंबूची एक दोरी चाकातून घ्या. कुणी हलवली तर तंबू हलतो. चपला-बूट आणि खाऊची पिशवी आत. किनाऱ्यावरची कुत्री प्रेमळ असतात, पण एक बूट घेऊन जातात, दोन नाही.

निघण्याआधी एका शनिवारी गच्चीवर तंबू लावा आणि खरोखर झोपा, संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत, नव्या मॅटवर. भाच्याला कुणाच्या तरी मळ्यातल्या दोन आंब्यांना बांधू द्या. पहाटे चारला तो पांघरूण शोधत गच्चीवर आला तर काही बोलू नका, तंबूची चेन उघडी ठेवा.

राहिला त्याचा प्रश्न. देवळाच्या खांबाला बांधू नये. जुन्या सभामंडपाचे खांब लाकडी असतात, ते छपराचं वजन उभं पेलायला घडवलेले. तू आडवं ओढणार, त्याची त्यांना सवय नाही. आणि सकाळी सहाला पुजारी काकड्याला येतील तेव्हा देवासमोर पाय करून लोंबकळत असशील, ते मावशीला निस्तरावं लागेल.